भिंगरी आणि दुसऱ्यांचे प्रवास

तिला भिंगरी हे नाव आत्यानं ठेवलं. पोरगी अकराव्या महिन्यात चालायला लागली ती थांबेचना. उंबरा ओलांडून, पायरी उतरून थेट रस्त्यावर. "हिच्या पायाला भिंगरी आहे, ही काही घरात टिकायची नाही," असं आत्या म्हणाली आणि नाव चिकटलं. आत्याची भाकितं कधी खरी होत नाहीत. एकविसाव्या वर्षापर्यंत भिंगरी घरातच होती. नदीच्या पुलापलीकडे ती दोनदा गेली होती, दोन्ही वेळा दाताच्या डॉक्टरकडे. शाळेची सहल निघाली त्या वर्षी तिला कांजिण्या आल्या, आणि पुढच्या वर्षी सहलच निघाली नाही.

आणि नेमकं हिलाच प्रवासाचं वेड. वेड म्हणजे साधंसुधं नव्हे. घरातला एकुलता एक नकाशा घड्यांवर फाटला होता, त्याला तिनं मागून बॅगेचं अस्तर चिकटवलं होतं. रेडिओवरचे धडे ऐकून ती एक परकी भाषा शिकली होती आणि भांडी घासताना त्या भाषेत स्वतःशी वाद घालायची. "भांड, भांड," आई म्हणायची, "निदान आम्हाला कळत तरी नाही."

आता घरची परिस्थिती अशी, की प्रवासाशिवाय दुसरा विषय नाही आणि प्रवासाला जायला सवड नाही. वडील बॅगा दुरुस्त करायचे. सगळं जग सुट्टीत फिरायला जातं आणि परतताना बॅगा मोडून आणतं, त्यामुळे लोकांची सुट्टी हा दुकानाचा हंगाम. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला फळ्या, त्यांवर छतापर्यंत बॅगा. दुसऱ्या भिंतीला आईचं शिलाई मशीन, कारण फाटलेलं कापड आणि चेनी तिच्याकडे आणि चाकं, दांड्या, कुलपं वडिलांकडे अशी वाटणी होती. मधल्या लाकडी ठोकळ्यावर पक्कड, आरी, मेण लावलेला दोरा आणि रिव्हेटांचे डबे. या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर बॅगांमधून अंग चोरून जावं लागे. भिंगरीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांची घरं अशीच असतात.

दुकानाची एक पद्धत होती. बॅगेवर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही. काळ्या बॅगा सगळ्या सारख्या आणि नावंही तीच तीच. पण दोन बॅगा एकसारख्या कधी मोडत नाहीत, असं वडिलांचं म्हणणं. म्हणून पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर बॅग कुठं आणि कशी मोडली तेवढं लिहायचं, आणि चिठ्ठी दोऱ्यानं हँडलला बांधायची. "कुठं मोडली?" हा वडिलांचा पहिला प्रश्न. गिऱ्हाईक म्हणायचं, "काही नाही हो, अशीच." आणि मग पाऊण तास सांगत बसायचं.

चिठ्ठ्या लिहायचं काम आठव्या वर्षापासून भिंगरीकडे आलं. आधी ती दोनच शब्द लिहायची: बोट, जेटी. मग चिठ्ठीची मागची बाजूही भरायला लागली. कोणत्या स्टेशनवर फलाट बदलला, कुणाच्या सासऱ्यांनी कुठं चहा मागवला आणि तो येईतो गाडी कशी सुटली, हे सगळं. पुठ्ठा पुरेना तेव्हा वही आली. सोळाव्या वर्षी तिच्या अकरा वह्या भरल्या होत्या आणि त्यांत तिचं स्वतःचं एक पाऊलही नव्हतं.

गावातल्या साप्ताहिकाचे संपादक एकदा तुटलेलं कुलूप घेऊन आले आणि वही चाळून गेले. त्यांना ते लिखाण आवडलं. फक्त एक खटकलं. "यात सारखं 'एक काका म्हणाले', 'एक बाई सांगत होत्या' असं का येतं? काढून टाक ते. प्रवासवर्णनाला 'मी' लागतो." भिंगरीनं काका आणि बाई काढले आणि त्यांच्या जागी स्वतःला बसवलं. दोन दिवस बरं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी छापील अक्षरांत 'मी बोटीतून उतरले' असं वाचलं आणि इतकं बरं वाटलं की विचारू नका. त्या बोटीचा वारासुद्धा अंगावर आल्यासारखा झाला तिला.

"आयत्या बिळावर नागोबा," आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. वडील तसे कमीच बोलायचे. तोंडात कायम दोन रिव्हेट धरलेले असायचे.

तिचा सगळ्यात गाजलेला लेख होता पायऱ्यांच्या गावाचा. ती हकिकत गणिताच्या बाईंची. या बाईंनी निम्म्या गावाला भूमिती शिकवली होती, भिंगरीच्या आईला हातावर पट्टीही मारली होती. निवृत्तीनंतर यजमानांबरोबर दूरदेशी एका डोंगरावरच्या गावी जायचं त्यांनी ठरवलं होतं. यजमान त्याआधीच वारले. बाई दोघांची तिकिटं असताना एकट्या जाऊन आल्या. राहायची जागा अगदी वर होती, आणि बॅग ओढत तीनशे बारा पायऱ्या चढताना तिची दांडी मोडली असं त्यांनी दुकानात सांगितलं होतं. वरच्या बुरुजावरून समुद्र दिसला, तो यजमानांना दाखवायचा राहिला, असंही म्हणाल्या होत्या. भिंगरीनं तो समुद्र दीड पान लिहिला. वाचून पोस्टमनसुद्धा म्हणाला, "पोरी, मला तिथं नेऊन आणलंस."

तर हा लेख आणि आणखी चार तिनं रेडिओवरच्या त्या भाषेत उतरवून एका परदेशी विद्यापीठाला पाठवले. तिथं वर्षभराचा एक अभ्यासक्रम होता, नुसता प्रवासावर लिहायला शिकवणारा, आणि बाहेरच्या देशांतल्या दोघांना ते दरवर्षी स्वतःच्या खर्चानं बोलवायचे. लायब्ररीतल्या एका मासिकात तिला ही माहिती सापडली त्या दिवशी ती जेवलीच नाही. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती: सोबतचे प्रवास मी स्वतः केलेले आहेत. त्याखाली सही. तिनं दुकानातल्या ठोकळ्यावर कागद ठेवला, ती ओळ मराठीत मोठ्यानं वाचली आणि सही केली. वडील समोरच बसले होते. त्यांनी कागद हलू नये म्हणून कोपऱ्यावर हातोडी ठेवली.

तीन महिन्यांनी कळलं की शेवटच्या पाचांत तिचं नाव आहे आणि गुरुवारी सकाळी फोनच्या पडद्यावर मुलाखत आहे. घरात आनंदीआनंद झाला. आत्या येऊन म्हणाली, "मी म्हटलंच होतं." आई कुणाचं लक्ष नाही असं बघून डोळे पुसून आली, आणि उगाच ओरडली की चहाचं पातेलं कुणी करपवलं.

बुधवारी दुपारी गणिताच्या बाई आल्या. हातात बॅग नव्हती, साप्ताहिकाचा जुना अंक होता. भाचीकडे कपाटात तळाला घातलेला कागद म्हणून सापडला म्हणे. आपला प्रवास चोरला म्हणून बाई आता कान धरणार, असं तिला वाटलं.

"बस," बाई म्हणाल्या, जशा वर्गात म्हणत. मग स्वतःच बसल्या. "छान लिहिलंयस. माझ्याहून छान सांगितलंयस. पण एक चूक आहे, आणि ती तुझी नाही."

"कुठली, बाई?"

"मी वर गेलेच नाही."

भिंगरीला काही समजलं नाही. गणिताच्या बाई खोटं बोलतात हेच तिच्या डोक्यात शिरेना.

"पायथ्याशी पोचले," बाई सांगू लागल्या, "आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा धीर होईना. गुडघे बरे होते गं, गुडघ्यांचं निमित्त नाही. वर जाऊन मी कुणाला सांगणार होते, हे बघा म्हणून? दुपारपासून दिवे लागेपर्यंत तिथंच बॅगेवर बसून राहिले. समोर झाडणारी एक बाई होती, तिनं दोनदा पाणी आणून दिलं. मग खालीच एक खोली घेतली आणि सकाळी परत निघाले. तीनशे बारा हा आकडा पायथ्याच्या पाटीवर होता. इथं आले तर जो तो विचारायचा, वरून काय दिसतं? त्यांना काय सांगू? सांगितला समुद्र. समुद्र दिसतो की नाही, मला काय माहीत!"

त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या. भिंगरीही रडली, कारण बाईंना रडताना बघणं तिला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि त्यात थोडं स्वतःसाठीचंही रडू होतं. दीड पान समुद्र! त्यावर सही! उद्या मुलाखत!

"माझं कुणाला सांगू नकोस असं म्हणायला आले होते," जाताना बाई म्हणाल्या. "पण आता सांगून टाकलं तर हलकं वाटतंय. तुला हवं तसं कर."

वडील ठोकळ्यापाशीच होते. भिंगरी त्यांच्याजवळ गेली. "बाबा, ऐकलंत? बाई वर गेल्याच नव्हत्या."

वडिलांनी तोंडातले रिव्हेट काढून डबीत टाकले. "माहीत आहे."

"कसं काय?"

"पायऱ्यांवरून ओढलेल्या बॅगेचे खालचे कोपरे चेचून निघतात. चाकांची वाट लागते. बाईंच्या बॅगेचे कोपरे कोरे होते. दांडी वरच्या टोकाला मागं वाकली होती आणि वरच्या बाजूला हा एवढा पोचा होता. कुणीतरी तिच्यावर बसून, दांडीला पाठ टेकून, पुष्कळ वेळ काढला होता." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "मी आतून लाकडी पट्टी टाकून दिली. परत कधी बसावंसं वाटलं तर दबायला नको."

"मग चिठ्ठीवर मला पायऱ्या का लिहू दिल्यात?"

"चिठ्ठीवर माणूस सांगेल ते लिहायचं. बॅग सांगेल ते आपल्यापाशी ठेवायचं. कुणाला उघडं पाडायला बसलो नाही आपण."

तेरा वर्षं भिंगरी या खोलीत कान देऊन बसली होती, आणि तिच्या शेजारी बसून वडील निराळंच काहीतरी ऐकत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तिला स्वतःचा राग आला आणि वडिलांचं असं काही कौतुक वाटलं की तिनं त्यांच्या तेलकट हातावर हात ठेवला. वडिलांनी तो दोन क्षण राहू दिला, मग पक्कड मागितली.

गुरुवारी फोन एका उभ्या बॅगेला टेकवून ती बसली. पडद्यावर तिघं होते, दोन बायका आणि जाड चष्म्याचे एक गृहस्थ. त्यांनी नमस्कार केला, तोच तिनं बोलायला सुरुवात केली. हे पाचही प्रवास माझे नाहीत. मी कुठंही गेलेले नाही. मी नदीचा पूल दोनदा ओलांडलाय, दोन्ही वेळा दाढ दुखत होती म्हणून. रेडिओवर शिकलेली ती भाषा ऐनवेळी अडखळत होती, पण लाज कुठल्याही भाषेत अडखळतेच. मग तिनं दुकान सांगितलं, चिठ्ठ्या सांगितल्या, आणि गिऱ्हाइकाचं नाव न घेता ती न चढलेली पायरीही सांगितली.

फोन बंद पडला की काय म्हणून तिनं तो हलवूनही पाहिला. मग चष्म्याचे गृहस्थ म्हणाले की ते त्या गावी गेले होते, वर चढलेही होते. "धुकं होतं. मलाही काही दिसलं नाही."

पुढं जे झालं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. मधल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, की खोटी सही ही खोटी सही. पाचही लेख बाद. नियमाप्रमाणे अर्जही बाद व्हायला हवा. पण आम्ही विचारायच्या आधी तुम्ही बोललात, म्हणून आठ दिवस देतो. ज्या जागी तुम्ही खरोखर उभ्या राहिला आहात अशा एका जागेबद्दल लिहून पाठवा. एकच जागा. मग बघू.

जिथं खरोखर उभी राहिले अशी जागा! भिंगरीकडे ती एकच होती. ती बसल्या जागी लिहायला लागली. वडील काम करत असताना समोर वही घेऊन बसायची आणि विचारायची. चेन कधी आतून फाटते? भरताना घाई झाली की. कोणत्या बॅगेवरून कळतं की माणूस तिकडं रमलाच नाही? वडील विचार करून म्हणायचे, कपड्यांच्या घड्यांचा ठसा अस्तरावर उमटलाय का बघ. बॅग महिनोन् महिने उघडलेलीच नसते अशांची. ते इतकं बोलायला लागले की आईनं मशीन थांबवलं. "एवढं माझ्याशी बोलला असतात तर मीही पुस्तक लिहिलं असतं."

पाचव्या दिवशी दुपारी लिहिता लिहिता भिंगरीचा हात थांबला. जी गोष्ट तिथल्या तिथं डोक्यात यायला हवी होती ती इतक्या दिवसांनी आली.

"बाबा, बाईंची बॅग दुरुस्त केलीत तेव्हाच तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग मी अर्जावर सही केली तेव्हाही माहीत होतं. तुम्ही तर समोर होतात. कागदावर हातोडी ठेवलीत."

वडिलांनी आरी खाली ठेवली. मेणाचा दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. आई उठून स्वयंपाकघरात गेली, पण दारापलीकडे थांबली. तिची सावली जमिनीवर दिसत होती.

"मला वाटलं," वडील म्हणाले, "तिकडचे लोक हुशार असतात. पकडतील. पकडलं तर पकडलं. तू राहशील." त्यांनी मान वर केली नाही. "फार वाईट केलं मी, पोरी. तुला एक शब्द सांगितला असता तर तू तो लेख पाठवला नसतास. मूग गिळून बसलो. बॅगा दुरुस्त करून करून माझी कमाई काय, तर जाणारी माणसं. सगळ्यांना जायला मदत केली. तुझ्या वेळेला हात चालेना."

भिंगरीला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण समोर बसलेला माणूस इतका लहान दिसत होता, की राग कुठं ठेवावा हे तिला कळेना.

"हे मी लिहू का?" तिनं शेवटी विचारलं.

"लिही की. खरंच आहे ते."

"लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"तिकडचे ना? ठेवू देत. आत्याला कळवू नकोस म्हणजे झालं."

लेख सातव्या दिवशी गेला. आता उत्तराची वाट पाहणं आलं. त्या विद्यापीठाची जुनीच रीत, होकार असो की नकार, कागदावर आणि टपालानं. घरात सगळ्यांचे जीव टांगणीला लागले. भिंगरी दुपारी लायब्ररीत जाऊन बसायला लागली, कारण दुकानात बसलं की रस्त्यावरची प्रत्येक सायकल पोस्टमनची वाटायची.

आणि पाकीट आलं ते ती लायब्ररीत असतानाच.

वडिलांनी ते हातात घेतलं. परकी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण वरचा शिक्का ओळखता आला. नंतर आईनं सांगितलं की ते दोन मिनिटं तसेच उभे होते. एक गिऱ्हाईक समोर बॅग उघडून काहीतरी सांगत होतं. वडील त्याला काही न बोलता खोलीबाहेर पडले, ठोकळ्यावरची पक्कड ठोकळ्यावर, दुकान सताड उघडं. भरदुपारी, अंगात कामाचा ॲप्रन, पायात एक स्वतःची आणि एक गिऱ्हाइकाची चप्पल. चालत निघाले आणि मधेच धावायला लागले. पंचावन्न वर्षांचा माणूस भाजीबाजारातून पाकीट डोक्यावर धरून धावतोय हे बघून लोकांनी तोंडात बोटं घातली.

लायब्ररीच्या दारात ते धापा टाकत उभे राहिले. भिंगरी बाहेर आली तशी त्यांनी पाकीट पुढं केलं. कडेला घामाचा डाग पडला होता, पण ते बंदच होतं.

"उघड."

"तुम्ही उघडा, बाबा."

"मला वाचता येतं का त्यांचं! उघड लवकर."

तिनं उघडलं. एकच कागद होता. वडील कागदाकडे बघतच नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. काय मोडलंय आणि काय धड आहे हे बघण्याची त्यांची नेहमीची नजर. ती वाचत गेली आणि पुन्हा वरून वाचायला लागली.

"हो की नाही?"

तिनं नुसती मान हलवली. कशी हलवली ते तिला स्वतःलाही कळलं नाही, पण त्यांना कळलं.

ते लायब्ररीच्या पायरीवर मटकन बसले. "बरं झालं," म्हणाले. "जाशील आता. बरं झालं. बरं झालं." तिसऱ्यांदा म्हणताना रडायला लागले. ॲप्रननं तोंड पुसलं तर गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. भिंगरी त्यांच्याशेजारी बसली. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

"दुकान उघडं टाकून आलोय," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"चला मग. जाऊ या."

ती उठायला लागली, तर त्यांनी तिचं मनगट धरलं. जोरात नाही, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तेवढंच.

"बस जरा," ते म्हणाले. "आत्ता तर इथं आहेस ना."